आबांची दोरी आणि बारावीचं वर्ष

आदरणीय ताई,

मी लातूरला राहतो. वय ४३, खाजगी नोकरी. गाव औसा तालुक्यात. चार एकर कोरडवाहू जमीन बटईनं दिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी वडिलांना, म्हणजे आबांना, इकडं फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला. वय ७५. पहिले चार-सहा महिने नुसते बसून होते. मग एकदा गावाहून अंबाडीचा वाख, म्हणजे दोरीसाठीचे धागे, घेऊन आले आणि गॅलरीत दोऱ्या वळायला लागले. दावी, कासरे, शिंकी यांचा आता ढीग झालाय. आमच्याकडं ना बैल, ना गाय. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटात सोयाबीन गुंडाळून ठेवतात, त्याचा कुबट वास येतो. बायको वैतागली आहे. मुलगी सातवीत आहे. मुलगा आता बारावीत जाणार, नीटची तयारी चालू आहे. आबा त्याला हाक मारून जवळ बसवतात, "ये, गाठ शिकून घे, कुठं अडायचा न्हाईस." पोरगाही आवडीनं बसतो, हीच अडचण. क्लासची फी भरून माझं कंबरडं मोडलंय. परवा आवाज चढवून बोललो, "आबा, दोरी चाळीस रुपयाला मिळते बाजारात." तेव्हापासून ते गॅलरीत पाऊल टाकत नाहीत. मलाही चैन नाही. या जुन्या हुन्नरांचा आज खरंच काही उपयोग आहे, की आपण नुसत्या मायेपोटी त्यांचं कौतुक करतो? आबांना कसं समजवावं?

– एक मुलगा, लातूर

भाऊ,

चाळीस रुपयांचा हिशोब तुमचा बरोबर आहे. नायलॉनची दोरी स्वस्त पडते, पावसात कुजत नाही. वाखाचं दावं दोन पावसाळे निघालं तरी पुष्कळ. भावावरून मी तुमच्याशी भांडणार नाही, कारण त्या भांडणात आबा हरतील, आणि हे त्यांना तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. आयुष्यभर आडतीवर माल घातलेल्या माणसाला बाजारभाव सांगावा लागत नाही. तुम्ही सांगितला भाव. त्यांना ऐकू आलं की या घरात आपल्या हाताचं काम संपलं. समजवायचं कुणाला, ते नंतर बघू.

मला पत्रात दोरीपेक्षा जास्त अडकवलं ते त्या कुबट गोणपाटानं. त्यात आबा काय करत होते, हे तुम्ही कधी विचारलंत का? माझी खात्री आहे, नाही विचारलं. नाहीतर वासाची तक्रार करण्याआधी तुम्ही दाणे मोजले असते.

ती उगवण तपासणी आहे. पेरायचं बी घ्यायचं, त्यातले निवड न करता शंभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचं. पाच-सात दिवसांनी उलगडून मोड आलेले चांगले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी तीस किलोच्या हिशोबानं बिनधास्त पेरा. थोडे कमी भरले तर बी तेवढं वाढवा. साठाच्याही खाली गेले तर ते पोतं बियाण्याचं नाही, आडतीचं. कृषी विभाग दर उन्हाळ्यात गावोगाव हेच दाखवत फिरतो. तुमच्या घरी तो कृषी विभाग गॅलरीत बसून होता.

सोयाबीन सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं असेल तर घरचं बी चालतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ घ्या नाहीतर एमएयूएस ६१२. एकदा आणलं, नीट राखलं, की पुढची दोन वर्षं पिशवी विकत आणायची गरज नाही. मात्र हे बी फार नाजूक. त्याचं टरफल पातळ, आणि अंकुर त्या टरफलाच्या अगदी आतच असतो. पोतं वरून धाडकन आपटलं, थप्पी उंच लावली, मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला, की दाणा वरून छान दिसतो आणि आतून मेलेला असतो. डोळ्यांना ते कळत नाही, गोणपाटाला कळतं.

२०२० चा खरीप आठवतोय? आदल्या वर्षी काढणीच्या वेळेला परतीच्या पावसानं सोयाबीन भिजलं होतं. त्या जूनमध्ये मराठवाड्यात पेरलेलं उगवलंच नाही, म्हणून तक्रारींचा ढीग लागला. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कितीतरी लोकांनी दुबार पेरणी केली, म्हणजे बी, खत, मजुरी सगळं दोनदा. पिशवीवर छापलेल्या आकड्यावर ज्यांनी विसंबायचं ठरवलं, त्यांच्या हातात पुढं नुसती पावती राहिली. पेरणीआधी आठ दिवस एक ओलं गोणपाट गुंडाळलेल्याला निदान कळलं तरी, की पाणी कुठं मुरतंय.

विकतचं वाईट आणि घरचं चांगलं, असा अर्थ यातून काढू नका. बीटी कपाशीचं बी संकरित असतं, ते घरी धरून पेरलं तर पुढच्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत. ते विकतच आणावं लागतं, आणि आबाही आणतच असणार. काय घरी धरायचं, काय दुकानातून घ्यायचं आणि घेतलेलं कसं तपासायचं, हे कळणं हा खरा हुन्नर. घरचं बी राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा हक्क २००१ च्या पीक वाण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला दिलेला आहे. पण बी राखायचं कसं हेच ज्याला येत नाही, त्यानं तो हक्क घेऊन काय करायचं?

वासाचं म्हणाल, तर तो गोणपाटाचा आहे, आबांचा नाही. जुना पेपर घ्या, चार घड्या करून ओला करा, दहा-दहा दाणे ओळीनं ठेवून गुंडाळी करा, दोरा बांधा आणि प्लास्टिकच्या पिशवीत उभी ठेवा. चार दिवसांत मोड दिसतात आणि घरात वास राहत नाही. वहिनींनाही चालेल.

आता मुलाचं.

लातूर पॅटर्नचं मला कौतुक आहे आणि थोडी धास्तीही. सकाळी अंधारात घराबाहेर पडणारी पोरं मी रोज बघते. त्यातला एक पोरगा दिवसातली वीस मिनिटं आजोबांपाशी मांडी घालून बसतो, ही तुम्हाला अडचण वाटते. तीच वीस मिनिटं तो मोबाईलवर घालवत असता तर तुम्ही मला पत्र लिहिलं असतं का? मला वाटतं, नसतं लिहिलं.

एक गंमत सांगते. पुढं हा पोरगा खरंच डॉक्टर झाला आणि शस्त्रक्रियेकडं वळला, तर त्याला पहिला सराव गाठींचाच करावा लागणार आहे. शिकाऊ डॉक्टर खुर्चीच्या हाताला, टेबलाच्या पायाला दोरा बांधून तासन्‌तास गाठी मारत बसतात. दोन्ही वेढे एकाच अंगानं घातले की गाठ सरकते. दुसरा वेढा उलट्या अंगानं घातला की ती चपटी, घट्ट बसते. आबांच्या बोटांना हा फरक पन्नास-साठ वर्षांपासून माहीत आहे. मात्र एवढ्यासाठी त्याला गाठी शिकवा, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुम्ही गाठींचाही क्लास लावाल.

आबांना विचारा, निरगाठ कुठं मारायची आणि सुरगाठ कुठं. जनावर बांधायचं ते सुरगाठीनं: जनावरानं कितीही ओढलं तरी सुटत नाही, माणसानं मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आपल्या भागात रात्रीतून पाणी शिरलं आणि दावणीची जनावरं दावणीलाच बुडाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. तेवढ्या पाण्यात गाठ कुठलीही असली तरी सगळी वाचली असती, असं कुणी म्हणू नये. पण अंधारात, गुडघाभर पाण्यात, ओली नायलॉनची निरगाठ नखांनी सोडवत बसलेल्या माणसाचा मी विचार करते, तेव्हा 'कुठं अडायचा न्हाईस' हे आबांचं वाक्य मला साधं वाटत नाही.

एवढं आबांच्या बाजूनं बोलल्यावर दुसरी बाजूही मांडते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ताई जुन्याच्या प्रेमात पडल्या.

तुम्ही औशाचे, म्हणजे किल्लारी तुमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा तुम्ही दहा-अकरा वर्षांचे असाल. ती माळवदाची घरंही आपल्या पूर्वजांचा हुन्नरच होता. जाड दगडी भिंती, वर लाकडी खण, त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा. गळू नये म्हणून दर मिरगाच्या तोंडाला वर आणखी माती टाकायची. बापानं टाकली, आजानं टाकली, म्हणून आपणही टाकायची. छताचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं. भिंतीचे दगड आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे मातीचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. पहाटे चारच्या आत जमीन हलली आणि भिंती फुटून ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. तेव्हा जुनं आहे म्हणून शहाणपणाचं, असं मी कधी म्हणत नाही. बी गोणपाटात दर वर्षी तपासलं जातं. माळवद भूकंपापर्यंत कुणी तपासलंच नाही.

आणखी एक. आबांना वाख वळायला कुणी शिकवलं, ते विचारा. आपल्या गावगाड्यात दोरखंड आणि केरसुण्या करणं हे बहुतेक ठिकाणी मातंग समाजाच्या घरांकडं होतं. दावी, कासरे, नाडे त्यांनी वळायचे आणि सुगीला खळ्यावर बलुत्याचं धान्य मागायला उभं राहायचं. 'पूर्वी गाव कसं स्वयंपूर्ण होतं' असं भाषण मी ऐकते तेव्हा माझ्या मनात येतं, कुणाच्या हातांवर? त्या घरातला आजचा पोरगा म्हणाला की मी दोरीला हात लावणार नाही, मी बँकेच्या परीक्षेला बसणार आहे, तर मी त्याच्याच बाजूनं उभी राहीन. ज्याला सोडता येत नव्हतं त्याचा हुन्नर, आणि ज्याला हवा तेव्हा उचलता येतो त्याचा हुन्नर, यात फार अंतर आहे. तुमचा मुलगा दोरी आवडीनं वळतो आणि कंटाळला की उठून जातो. हे सुख सगळ्यांना नव्हतं. आबांनी गाठी शिकवताना हेही नातवाला सांगावं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि तुमची मुलगी! पत्रात एका ओळीत आली आणि गेली. आबा हाक मारतात ती नातवाला. तिला गाठी नको का? उलट वहिनी रोज दहा-वीस भाकऱ्या थापतात, डाळ निवडतात, कुरडया घालतात, फाटलेलं सांधतात, आणि तुमच्या पत्रात त्यांना हुन्नर म्हणून एक अक्षर नाही. पुरुषानं गॅलरीत केला तो हुन्नर आणि बाईनं स्वयंपाकघरात केलं ते घरकाम, ही वाटणी मला नवी नाही. माझ्या माहेरीही हेच होतं.

आता माझीच एक गोष्ट. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरलाच होते. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांवर जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डबे, पाच लाख लिटर. टीव्हीवाले स्टेशनवर होते. मी मात्र घरात, दोनशे लिटरच्या एका ड्रमपुढं उभी. शिकलेली बाई, मासिकात लेख लिहिणारी, आणि ते पाणी चौथ्या दिवशी संपवून बसले. शेजारी रेणापूरकडच्या एक आजी राहायच्या. त्यांचा तेवढाच ड्रम दहा दिवस पुरायचा. त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. भांडी आधी राखेनं कोरडीच घासायची, पुसून घ्यायची, मग एका तांब्यात विसळायची. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या विसळणीला. अंघोळ परातीत बसून करायची. ते पाणी कपड्यांच्या पहिल्या बुचकळणीला, तिथून फरशीला, तिथून मोरीला. एका पाण्याला चार कामं. "बहात्तरला आम्ही असंच काढलं बाई," एवढंच म्हणाल्या. दुष्काळी कामांवर सुकडी खाऊन खडी फोडलेल्या पिढीतल्या त्या. मी त्यांना आभार मानायला साडी नेली, तर त्यांनी ती परत केली आणि वर ऐकवलं, "साडी काय करायची, आधी ड्रमावर झाकण ठेव."

त्या साली पाऊस चांगला झाला. नळाला पाणी आलं आणि मी सगळं विसरले. खरं सांगते, आज परातीत बसून अंघोळ करा म्हटलं तर मला जमणार नाही. हात वापरात नसला की विसरतो, पोथीत लिहून ठेवला तरी विसरतो. म्हणूनच कुणीतरी गॅलरीत बसून नुसतं वळत राहावं लागतं, गरज नसताना सुद्धा.

तर काय करायचं ते सांगते.

आज संध्याकाळी कामावरून आल्यावर चहा घ्यायच्या आधी आबांपाशी जा. माफीबिफी मागू नका. बाप-लेकात तो शब्द आपल्याकडं नीट निघत नाही, घशात अडकतो. खाली बसा आणि म्हणा, "आबा, औंदा बटईदाराचं बी तपासायचंय, मला दाखवा." मे लागलाय, मिरग महिन्यावर आलाय, निमित्त खोटंही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तेव्हा पहिल्या दिवशी ते 'हूं' एवढंच म्हणतील. दुसऱ्या दिवशी स्वतःच दाणे घेऊन येतील. पुढं बटईदाराशी बियाण्याचं बोलणं आबांनीच करावं, तुम्ही मधे पडू नका. जमीन त्यांच्या नावावर असेल नसेल, शब्द त्यांचा चालू द्या.

वहिनींची तक्रार खरी आहे, ती बुडवू नका. गॅलरीचा एक कोपरा आबांचा, बाकीचा कपडे वाळवायचा. वाखाचा भुसा आबांनीच झाडायचा. गावाकडं खळं झाडणाऱ्या माणसाला गॅलरी झाडायला लाज वाटायचं कारण नाही. तयार दावी आणि कासरे घरात साठवू नका. पोळ्याच्या आधी गावाकडं न्या. तिथं अजून चार-दोन घरी बैल आहेत, आणि पोळ्याला नवा कासरा, नवी म्होरकी लागतेच. विकायची का वाटायची, ते आबा ठरवतील.

पोरांसाठी रविवारची सकाळ ठरवा, दोघांसाठी. आबांनी गाठी शिकवाव्यात, वहिनींनी वरण-भात आणि भाकरी, तुम्ही सायकलचं पंक्चर आणि घरातला फ्यूज. तुम्हाला येत नसेल तर तिघं मिळून शिका. पुढच्या वर्षी पोरगा होस्टेलला जाईल. शर्टाचं बटण तुटलं म्हणून ज्या पोरांना घरी फोन करावा लागतो, त्यातला तो नसावा. मात्र परीक्षेच्या आधीचे दोन महिने आबांनी त्याला हाक मारायची नाही. तो आपण होऊन आला तर येऊ द्यायचा. हे आबांना तुम्हीच सांगा, ते ऐकतील. परीक्षेचं महत्त्व त्यांना कळत नाही असं तुम्हाला वाटतं, पण फी कशी भरली जाते, हे ते बघतच आहेत.

एक सावधगिरी, विषय निघालाच आहे म्हणून. वर्षाचं धान्य भरून ठेवत असाल तर त्यात टाकायच्या कीडनाशक गोळ्या फ्लॅटमध्ये अजिबात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या त्या गोळ्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसांचे जीव घेतो. ज्वारी, गहू कडक उन्हात वाळवून, दाताखाली कट्‌ वाजली की घट्ट झाकणाच्या कोठीत भरायचे, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. हे आबांकडून करून घ्या, गच्चीवर ऊन फुकट आहे.

आणि माझं एक काम आहे. माझ्या घरी शिंकं नाही. स्वयंपाकघरात छताला एक कडी आहे, तिथून खाली साडेतीन हात लांबीचं, दोन गाडगी एकावर एक बसतील असं, अंबाडीच्याच वाखाचं पाहिजे. घाई नाही. भाव आबांनी सांगायचा, तुम्ही नाही. चाळीस रुपयांच्या पुढचा सांगितला तरी मी घासाघीस करणार नाही.